जुन्या व्हॅनच्या एंजिनातील ठोका : कारणमीमांसा, निदान व दुरुस्ती

प्रास्ताविक

एंजिनातून येणारा मोठा आवाज हा स्वतः दोष नव्हे. तो दोषाचे लक्षण होय. हे विधान कोणासही मान्य होण्याजोगे आहे. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात नेमका याचाच विसर पडतो. जुन्या डिझेल व्हॅनचे एंजिन ‘ठोकू’ लागले म्हणजे बहुधा दोनपैकी एक निर्णय घेतला जातो. एक तर एंजिन ताबडतोब ‘खोलले’ जाते. नाही तर ‘गाडी जुनी, आवाज करणारच’ असे म्हणून ती तशीच चालविली जाते. पहिल्या निर्णयाने पुष्कळदा एका नोझलच्या दोषापायी संपूर्ण एंजिनाचा खर्च अंगावर येतो. दुसऱ्याने क्वचित असेही घडते की, सैल झालेला कनेक्टिंग रॉड भर रस्त्यात तुटतो आणि एंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. या दोन्ही निर्णयांच्या मुळाशी उणीव एकच असते. आवाज ऐकला जातो, परंतु त्याला प्रश्न विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे सांगता येईल : आवाज कसा आहे एवढ्यावरून दोष निश्चित करता येत नाही, एका वेळी एकच परिस्थिती बदलून आवाजात काय फरक पडतो, हे पाहिल्यानेच तो निश्चित होतो. या कसोट्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. ज्या कसोटीस खर्च कमी आणि जी सहज पूर्ववत करता येते ती आधी. एंजिन उघडणे ही सर्वांत शेवटची.

विवेचन अमूर्त राहू नये म्हणून एक विशिष्ट एंजिन समोर ठेवले आहे. पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज टेम्पो कंपनीने १९६९ पासून ‘मॅटॅडोर’ आणि १९८७ पासून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ ही वाहने बनविली. याच कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स असे झाले. मॅटॅडोर हे नाव महाराष्ट्रात इतके रुळले की, कोणत्याही लहान मालवाहू गाडीस लोक मॅटॅडोर म्हणू लागले. ट्रॅव्हलरमध्ये आणि मॅटॅडोरच्या नंतरच्या नमुन्यांत मूळ डाइम्लर-बेंझ कंपनीचे ‘ओएम ६१६’ हे एंजिन येथेच बनवून बसविण्यात आले. जर्मनीत हेच एंजिन १९७३ साली मर्सिडीझच्या ‘२४० डी’ या मोटारीत प्रथम आले. चार सिलिंडर, सुमारे २.४ लिटर क्षमता, ९१ मि.मी. व्यास, ९२.४ मि.मी. धाव, २१ : १ हे संपीडन गुणोत्तर, पूर्वज्वलन कोष, डोक्यावरील कॅमशाफ्ट, तो फिरविणारी दुपदरी साखळी आणि क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंगे, अशी त्याची रचना आहे. पुढे दिलेली मापे या मूळ एंजिनाची आहेत. प्रत्यक्ष काम करताना त्या त्या वाहनाची पुस्तिका प्रमाण मानावी.

अशी व्हॅन बहुधा एखाद्या चालक-मालकाच्या चरितार्थाचे एकमेव साधन असते. एंजिन विनाकारण उघडले तर त्याचे काही आठवड्यांचे उत्पन्न बुडते. उघडावयास हवे असता न उघडले तर वाहनच जाते. निदानाच्या अचूकतेस येथे केवळ तात्त्विक महत्त्व नाही.

आवाजाची उत्पत्ती

डिझेल एंजिनातील ठोक्याचे मूळ दोन ठिकाणी असू शकते : ज्वलनात किंवा यांत्रिक सैलपणात.

ज्वलनाचा ठोका समजून घेण्यासाठी प्रज्वलनातील विलंब लक्षात घ्यावयास हवा. नोझलमधून इंधन आत येताच ते पेटत नाही. त्याचे थेंब तापणे, वाफ होणे आणि हवेशी मिसळणे यांत सुमारे एक सहस्रांश सेकंद किंवा किंचित अधिक काळ जातो. मिनिटास ७५० फेऱ्यांच्या गतीस एक सहस्रांश सेकंदात क्रँकशाफ्ट साडेचार अंश फिरतो. एवढ्या अवधीत जितके इंधन साठते तितके सर्व जवळजवळ एकदम पेटते आणि दाब झपाट्याने चढतो. प्रत्येक डिझेल एंजिनाचा नेहमीचा खडखडाट तो हाच. नोझलची सुई अडकली, तिचा उघडण्याचा दाब उतरला किंवा ती थेंब गाळू लागली, तर इंधनाचे तुषार जाड होतात, विलंब वाढतो, साठा वाढतो आणि त्या एकाच सिलिंडरात हातोडीच्या घावासारखा ठोका उमटतो. पंपाचे अंतःक्षेपण आवश्यकतेपेक्षा लवकर होत असल्यासही हेच घडते. परंतु मग चारही सिलिंडर सारखेच कठोर वाजतात.

यांत्रिक ठोक्याचे मूळ फटीत असते. कनेक्टिंग रॉडचे मोठ्या टोकाचे बेअरिंग आणि क्रँकचा जर्नल यांमध्ये साधारणतः ०.०३ ते ०.०७ मि.मी. अंतर ठेवलेले असते. म्हणजे मानवी केसाच्या जाडीइतके किंवा त्याहून कमी. ही फट वंगण तेलाच्या पटलाने भरलेली असते आणि भार उलटसुलट झाला तरी धातू धातूवर आदळत नाही. आता भाराचे प्रमाण पाहू. ९१ मि.मी. व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ६५ चौ. सें.मी. होते; सिलिंडरातील दाब ६० बार धरल्यास पिस्टनवर सुमारे ४ टन भार येतो. झीज होऊन फट मूळच्या कित्येक पट झाली म्हणजे बाजूंनी तेल निसटते, पटल टिकत नाही आणि या भारासह रॉड जर्नलवर आदळतो.

भार केवळ ज्वलनाचाच असतो असे नाही. पिस्टनच्या जडत्वाचाही विचार केला पाहिजे. मिनिटास ३,००० फेऱ्यांस धावेच्या टोकाशी पिस्टनचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४६५ पट, किंबहुना त्याहून थोडे अधिक असते. ७५० फेऱ्यांस ते याच्या सोळाव्या हिश्शाइतके, म्हणजे सुमारे २९ पट भरते. म्हणून गती वाढवून ॲक्सिलरेटर अकस्मात सोडला असता, म्हणजे ज्वलनाचा भार नाहीसा होऊन जडत्वाचा भार शिल्लक असता, बेअरिंगचा ठोका विशेष उघड होतो. ज्वलनाच्या ठोक्याचे याच्या उलट आहे. इंधन बंद होताच तोही थांबतो.

लय : पहिला पुरावा

चतुर्धाव एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. यावरून आवाजांची एक उपयुक्त विभागणी करता येते. मिनिटास ७५० फेऱ्या धरल्यास क्रँकच्या प्रत्येक फेरीस उमटणारा आवाज सेकंदास साडेबारा वेळा, म्हणजे दर ०.०८ सेकंदांनी होईल. एका सिलिंडराचे ज्वलन किंवा एकच झडप यांचा आवाज सेकंदास सव्वासहा वेळा, म्हणजे दर ०.१६ सेकंदांनी होईल. चारही सिलिंडरांचे ज्वलन मिळून सेकंदास पंचवीस स्पंद होतात.

पूर्वी हा भेद केवळ अनुभवी कानासच कळत असे. आज भ्रमणध्वनीवर आवाज मुद्रित करून त्याचा आलेख पडद्यावर पाहता येतो आणि दोन ठोक्यांमधील अंतर मोजता येते. एंजिनाची नेमकी गती ठाऊक नसली तरी चालते. नेहमीच्या ज्वलनस्पंदांशी प्रमाण पाहावे. चार स्पंदांमागे एक ठोका पडत असेल तर तो एका सिलिंडराचा किंवा एका झडपेचा. दोन स्पंदांमागे एक पडत असेल तर तो क्रँकच्या गतीचा. ठोक्याची गती या दोहोंशी मुळीच जुळत नसेल तर तो एंजिनाच्या अंतर्भागाचा नसून डायनॅमो, पाण्याचा पंप, पट्ट्याची पुली किंवा एखादा सैल पत्रा यांचा असण्याचा संभव अधिक.

मात्र लय हा पुरावा अपुरा आहे, हे ध्यानात ठेवावे. सैल बेअरिंगचा ठोका ज्वलनाच्या वेळी प्रबळ आणि मधल्या फेरीस क्षीण असा उमटू शकतो. त्यामुळे तो कधी निम्म्या गतीचा तर कधी पूर्ण गतीचा भासतो.

आवाजाची जागा हाही असाच अर्धा पुरावा होय. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली स्टेथॉस्कोपची कल्पना काढली. एंजिनासही तीच लागू पडते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक एंजिनास आणि मूठ कानामागील हाडास टेकवून मिस्त्री जे करतो ते हेच. या रीतीने पाण्याच्या पंपाचे किंवा डायनॅमोचे बेअरिंग निश्चितपणे ओळखता येते, कारण हे भाग स्वतंत्र आहेत. परंतु ओतीव लोखंडी ब्लॉकमधून ध्वनी सर्वत्र पसरतो आणि पातळ पत्र्यावर तो मोठा होतो. झडपांच्या झाकणावर आवाज मोठा आला म्हणून दोष झडपांतच आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

बाहेरून आत : सोप्या कसोट्या

प्रथम तेल पाहावे. तेलाची पातळी, त्याचा दाटपणा आणि त्याला येणारा डिझेलचा वास या तीन गोष्टी पाहण्यास दोन मिनिटे लागतात. त्यानंतर तेलाचा दाब पाहावा. एंजिन गरम असता आयडल गतीस काटा खाली येणे स्वाभाविक आहे. परंतु गती वाढविताच तो तत्काळ चढून ३ बारपर्यंत गेला पाहिजे. तो रेंगाळत असेल तर पुढील सर्व कसोट्या एंजिन कमीत कमी वेळ चालू ठेवून कराव्यात.

दुसरी कसोटी क्लचची. क्लच दाबताच आवाज बदलला किंवा थांबला तर दोष गिअरबॉक्सकडे अथवा क्लचकडे असावा. तिसरी पट्ट्याची. पट्टा काढून एंजिन मिनिटापेक्षा कमी वेळ चालवावे. पाण्याचा पंप बंद असल्याने याहून अधिक काळ चालविणे धोक्याचे. आवाज थांबला तर पट्ट्यावर चालणारा कोणता तरी भाग दोषी आहे. चौथी, एंजिनाचे रबरी पाये आणि सायलेन्सरचे जोड. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गास्केटमधून निसटणारा वायू थंड एंजिनात झडपेसारखा टिकटिकतो आणि धातू तापून फट मिटली की शांत होतो. यामुळे झडपा विनाकारण जुळविल्या जातात.

यानंतर तापमान हे परिवर्तन घ्यावे. या कसोटीस काहीच खर्च येत नाही आणि तिच्यापासून मिळणारी माहिती मात्र मोठी असते. ॲल्युमिनियमचे प्रसरण ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट असते. पिस्टन आणि सिलिंडर यांचे तापमान १०० अंशांनी वाढल्यास ९१ मि.मी. व्यासावर त्या दोहोंमधील फट सुमारे ०.१ मि.मी. ने कमी होते. म्हणून झिजलेल्या पिस्टनचा सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा पोकळ आवाज सकाळी मोठा असतो आणि काही मिनिटांत उतरतो. तेलाचे वर्तन याच्या विरुद्ध आहे. नेहमीच्या १५-डब्ल्यू-४० प्रतीच्या तेलाचा दाटपणा ४० अंशांवर असतो त्याच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकाच १०० अंशांवर उरतो. म्हणून बेअरिंगचा ठोका गाडी तापल्यावर वाढतो. थंडपणी मोठा आणि गरमपणी कमी होणारा आवाज पुष्कळ काळ सोसता येतो. उष्णतेबरोबर वाढत जाणारा आवाज सोसू नये.

येथेच एक इशारा देणे अवश्य आहे. जाड तेल भरून ठोका दाबण्याची युक्ती सर्वत्र रूढ आहे, विशेषतः गाडी विकावयाची असता. जाड तेलाने ठोका कमी झाला तर त्याचा अर्थ दोष गेला असा नसून, दोष फटीचा आहे हे सिद्ध झाले, असा होतो.

निर्णायक कसोटी : एकेक सिलिंडर बंद करणे

वरील कसोट्यांनी आवाज एंजिनाच्या आतला आहे हे ठरले म्हणजे पुढील प्रश्न असा : तो कोणत्या सिलिंडरात आहे, आणि तो ज्वलनाचा की बेअरिंगचा? जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात ‘भेदाची पद्धती’ मांडली. दोन प्रसंग एका बाबीखेरीज सर्वांशी समान असून परिणाम एकात आढळतो आणि दुसऱ्यात आढळत नाही, तर ती बाब कारणाशी संबद्ध असली पाहिजे. चांगला मिस्त्री हे तत्त्व कोणत्याही ग्रंथाविना आचरतो.

एंजिन आयडल गतीस ठेवून पहिल्या नोझलच्या दाबनळीचा नट सुमारे अर्धा फेरा सैल करावा. त्या सिलिंडराचे इंधन बाहेर गळून तेथील ज्वलन थांबते. ठोका कसा बदलतो ते टिपून नट पुन्हा घट्ट करावा आणि हेच क्रमाने उरलेल्या तीन सिलिंडरांस करावे. नळीतील दाब १०० बारहून अधिक असल्याने सैल नटाजवळ हात नेऊ नये. दाबाखालील इंधन त्वचा भेदून आत जाते आणि ती जखम शस्त्रक्रियेच्या योग्यतेची असते. चष्मा लावावा आणि नटाभोवती फडके ठेवावे. ही कसोटी केवळ जुन्या पद्धतीच्या पंपाच्या एंजिनांसाठीच आहे. अलीकडील कॉमन-रेल एंजिनांत दाब १,००० बारच्या पलीकडे जात असल्याने तेथे ती कदापि करू नये.

निष्कर्ष तीन प्रकारचे संभवतात. कोणताही सिलिंडर बंद केला तरी ठोका तसाच राहिला, तर मूळ ज्वलनाच्या भाराशी संबद्ध नाही. साखळी, झडपा किंवा बाहेरील एखादा भाग यांकडे वळावे. प्रत्येक सिलिंडराने ठोका थोडा थोडा कमी झाला, तर अंतःक्षेपणाची वेळ, इंधनाची प्रत किंवा मेन बेअरिंगे यांचा संशय घ्यावा. एकाच सिलिंडराने ठोका नाहीसा झाला, तर दोष त्या सिलिंडरातच आहे.

परंतु तिसऱ्या निष्कर्षानेही प्रश्न संपत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी सर्वांत महाग चूक घडते. ज्वलन थांबविल्याने सदोष नोझलचा ठोका थांबतो. तद्वतच चार टनांचा भार नाहीसा झाल्याने सैल बेअरिंगचा ठोकाही थांबतो किंवा पुष्कळ उतरतो. म्हणून आणखी एक परिवर्तन अवश्य आहे. संशयित सिलिंडराचे नोझल शेजारच्या सिलिंडरात आणि तेथील नोझल येथे बसवावे. या एंजिनात नोझल-धारक २७ मि.मी. च्या खोल सॉकेटने निघतो. खालचा उष्णतारोधक वॉशर प्रत्येक वेळी नवा घ्यावा आणि धारक ७० ते ८० न्यूटन-मीटर इतका आवळावा. आता ठोका नोझलबरोबर शेजारच्या सिलिंडरात गेला, तर दोष नोझलचा. तो मूळच्या सिलिंडरातच राहिला, तर दोष बेअरिंग, गजन पिन किंवा पिस्टन यांचा. एका तासाच्या या कामाने निदानाचा मुख्य दुभाग निश्चित होतो.

समजा, ‘क’ आणि ‘ख’ या दोन व्हॅन एकाच दिवशी कार्यशाळेत आल्या. दोहोंतून आयडल गतीस सारखाच कठोर ठोका येतो, दोहोंत तो निम्म्या गतीचा आहे आणि दोहोंत तिसऱ्या सिलिंडराचा नट सैल करताच तो थांबतो. येथपर्यंत कोणताही कान दोहोंत भेद करू शकणार नाही. तिसरे व चौथे नोझल अदलाबदल केल्यावर ‘क’ मध्ये ठोका चौथ्या सिलिंडरात गेला. ‘ख’ मध्ये तिसऱ्यातच राहिला. ‘क’ सायंकाळी नवे नोझल घालून रस्त्यावर जाईल. ‘ख’ आपल्या चाकांवर कार्यशाळेबाहेर जाता कामा नये.

पूरक मोजमापे

निदान पक्के करण्यासाठी मोजमापांचा आधार घ्यावा. नोझल हातपंपाच्या चाचणी-यंत्रावर चढवून पाहावे. नव्या नोझलचा उघडण्याचा दाब सुमारे ११५ ते १२५ बार असतो. तो १०० बारच्या खाली गेल्यास नोझल बाद समजावे. सिलिंडराचे संपीडन निरोगी एंजिनात २२ ते २४ बार, किमान सुमारे १५ बार असावे. सिलिंडरा-सिलिंडरांतील फरक ३ बारहून अधिक नसावा. एकाच सिलिंडरात संपीडन कमी असल्यास तेथे हवा पुरेशी तापत नाही, प्रज्वलन लांबते आणि नोझल चांगले असूनही ज्वलनाचा ठोका येतो. हा अपवाद लक्षात न घेतल्यास नोझल बदलूनही न गेलेला ठोका चुकीने बेअरिंगच्या माथी मारला जाईल. म्हणून अदलाबदलीनंतर ठोका जागीच राहिला, तर ऑइल पॅन काढण्यापूर्वी संपीडन मोजावे.

झडपांची फट थंड एंजिनात आत घेणाऱ्या झडपेस ०.१० आणि बाहेर सोडणाऱ्या झडपेस ०.३० मि.मी. ठेवतात. फट अधिक असल्यास हलकी टिकटिक येते आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. फट नाहीशी झाल्यास मात्र कोणताही आवाज येत नाही. झडप पूर्ण बसत नाही आणि जळते. शांतता हे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

साखळीचे तसेच. कॅमशाफ्टवरील खूण जुळवून क्रँकच्या पुलीवरील अंश वाचले म्हणजे साखळी किती ताणली गेली ते कळते. साखळी लांबल्याने अंतःक्षेपण उशिरा होते. त्यामुळे ज्वलनाचा ठोका वाढत नाही, उलट एंजिन मंद होते आणि धूर वाढतो. साखळीचा स्वतःचा आवाज म्हणजे एंजिनाच्या पुढील बाजूची खरखर. एंजिन सुरू करताना व बंद करताना ती विशेष जाणवते.

शेवटी तेलाचे फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात पाहाव्यात. लोहचुंबकास चिकटणारे कण पोलादाचे. न चिकटणारे चंदेरी पापुद्रे बेअरिंगच्या वरच्या थराचे. तांबूस कण दिसले तर वरचा थर जाऊन खालचा कांस्याचा थर उघडा पडला आहे असे समजावे.

दुरुस्ती

नोझल बदलताना शक्य तर चारही एकदम बदलावीत व त्यांचे दाब सारखे जुळवून घ्यावेत. एकच नवे नोझल घातल्यास एंजिन असमान चालते. पंपाची वेळ कोणी ‘जोर वाढावा’ म्हणून पुढे घेतली असल्यास ती मूळच्या खुणेवर, या एंजिनात वरच्या मृतबिंदूपूर्वी २४ अंशांवर, आणावी. तत्पूर्वी साखळीचा ताण मात्र मोजलेला असावा.

साखळी बदलण्यासाठी एंजिन उतरविण्याची आवश्यकता नसते. जुन्या साखळीची एक कडी तोडून तिला नवी साखळी जोडावी आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवून नवी आत ओढून घ्यावी. या कामात दोन्ही टोके क्षणभरही सैल सुटता कामा नयेत. साखळी दात चुकली तर झडपा पिस्टनवर आदळतात. ताणक व मार्गपट्ट्या त्याच वेळी पाहून घ्याव्यात.

बेअरिंगचे काम निराळ्या स्वरूपाचे आहे. ऑइल पॅन काढून नवे शेल घालावेत आणि गाडी सोडून द्यावी, हा मोह मोठा असतो. परंतु ठोकत राहिलेला जर्नल गोल राहत नाही, तो अंडाकृती होतो. त्यावर नवे शेल थोड्याच दिवसांत पुन्हा वाजू लागतात. जर्नल मायक्रोमीटरने निदान दोन परस्परलंब दिशांत आणि दोन्ही कडांशी मोजावा. वर्तुळाकार बिघडला असल्यास क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला देऊन त्या मापाचे जाड शेल वापरावेत. रॉडचे बोल्ट ताणले जात असल्याने त्यांचा व्यास मोजल्याशिवाय ते पुन्हा बसवू नयेत. बेअरिंगचा चुरा तेलाच्या मार्गांत, तेलाच्या कूलरमध्ये आणि पंपाच्या जाळीत अडकून राहतो. ते सर्व धुतल्याशिवाय नवे शेल घालणे म्हणजे त्यांना घासकागद पुरविणे होय.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र याही पलीकडचा आहे : बेअरिंग गेले का? तेल बदलण्यास झालेला विलंब, गळक्या नोझलमधून तेलात मिसळलेले डिझेल, चोंदलेली जाळी, झिजलेला तेलपंप, यांपैकी कोणते तरी कारण मागे उभे असते. ते न शोधता केलेली दुरुस्ती ही लक्षणाची दुरुस्ती ठरते. येथे नोझल व बेअरिंग हे दोन दोष परस्परांशी जोडलेले आढळतात. दुर्लक्षित राहिलेले गळके नोझल कालांतराने तेल पातळ करून बेअरिंगचा घात करते. म्हणजे आजचा स्वस्त ठोका हा उद्याच्या महाग ठोक्याचा जनक असू शकतो.

गाडी केव्हा थांबवावी

चालकास पुढील तीन खुणा माहीत असल्या तर मोठे नुकसान टळते. तेलाचा दाब नेहमीपेक्षा खाली राहणे; एंजिन तापेल तसा व भार वाढेल तसा ठोका वाढत जाणे; आणि तेलात धातूचे कण दिसणे. यांपैकी एकही खूण आढळल्यास एंजिन बंद करून गाडी ओढून आणावी. याउलट दाब उत्तम आहे, ठोका थंडपणी अधिक आहे आणि तेल स्वच्छ आहे, अशा वेळी एंजिन उघडण्याची घाई करू नये. जीर्ण वाहनात कधी कधी क्रँक, बोअर आणि हेड ही तिन्ही कामे एकदम निघतात. त्या वेळी दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या मूल्याशी, त्याच्या सांगाड्याच्या गंजाशी आणि योग्यता-प्रमाणपत्र मिळण्याच्या शक्यतेशी ताडून पाहणे प्राप्त होते. हा हिशेब मालकाने करावयाचा असतो. त्यास खरे निदान पुरविणे एवढेच तंत्रज्ञाचे कर्तव्य.

समारोप

प्रयोगशाळेत आपण कंपनमापक व वर्णपट-विश्लेषक वापरतो आणि त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ही उपकरणेसुद्धा आवाजाचे वर्णनच अधिक सूक्ष्म करतात. ‘क’ व ‘ख’ या व्हॅनमधील भेद अधिक सूक्ष्म ऐकण्याने नव्हे, तर नोझलांच्या अदलाबदलीने उघड झाला. प्रत्येक कसोटीपूर्वी अपेक्षित उत्तर कागदावर लिहून ठेवावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जे ऐकू आले ते तत्काळ नोंदवावे. अशी नोंदवही प्रत्येक कार्यशाळेत ठेवली गेली आणि दुरुस्तीनंतर खरा दोष काय निघाला हेही तीत लिहिले गेले, तर अनुभवी मिस्त्रीच्या कानात साठलेले ज्ञान विद्यार्थ्यांच्या हाती येऊ शकेल. पदव्युत्तर अभ्यासासाठी याहून सोपे, स्वस्त आणि उपयुक्त क्षेत्र क्वचितच मिळेल.